उपासाला काय चालतं

हनोईत पहिले दोन दिवस माझी बायको जवळजवळ उपाशी फिरली आणि दोष पूर्णपणे माझा होता. गल्लोगल्ली पाट्या दिसत होत्या. सी, एच, ए, वाय. मी म्हटलं, बघ, आपला चाय इथपर्यंत पोचला. परदेशात जाऊन चहा शोधणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे, त्यामुळे प्रत्येक पाटीसमोरून मी नाक वर करून पुढे गेलो. बायको शाकाहारी. ती बिचारी केळी आणि पाव खात माझ्या मागून चालत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी हसत हसत सांगितलं की त्यांच्या भाषेत ह्या शब्दाचा अर्थ शाकाहारी. ज्या पंधरा-वीस दुकानांकडे मी तुच्छतेनं पाहिलं होतं, त्या सगळ्या बायकोला चालतील अशा खानावळी होत्या.

हा किस्सा मिनेसोटात, ईडन प्रेरीला घरी परत आल्यावर मी निदान दहा घरी सांगितला. लोक पोट धरून हसले. मी किस्से बरे सांगतो. आता हा सांगत नाही, कारण तेव्हा आम्ही तिघं होतो आणि मी सांगायचो फक्त दोघांचं. तिसरी आमची मुलगी, सतरा वर्षांची, एकुलती एक. त्या दोन दिवसांत तिनं एकदाही भूक लागली असं म्हटलं नाही. पोर किती समंजस झाली, असं मला वाटलं होतं. ती माझ्या डोळ्यांसमोर उपासमारीनं संपत चालली होती आणि मी त्या शहरात चांगलं कुठे मिळतं ते शोधत होतो. एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला दोन वर्षं लागली.

खाण्याच्या बाबतीत मी वेडा आहे, हे आधी कबूल करतो. माझे नियम आहेत. जिथे पदार्थांचे रंगीत फोटो लावलेत तिथे पाऊल ठेवायचं नाही. जिथे दारात उभा राहून कुणी आत बोलावतो तिथे तर नाहीच. दुपारी बारा वाजता गावातले लोक कुठे रांग लावतात ते बघायचं, ते काय खातात ते बोटानं दाखवायचं आणि गप्प बसायचं. हनोईत तर टेबलाखाली लिंबाच्या सालींचा आणि कागदी रुमालांचा जेवढा खच तेवढी जागा चांगली, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं. ऑफिसातले लोक शिकागोला निघाले तरी मला विचारतात. माझ्या फोनमध्ये गावागावांच्या याद्या आहेत. होत्या. कुणी 'हॉटेलजवळच पिझ्झा खाऊन घेऊ' म्हटलं की माझं डोकं फिरायचं आणि सगळी सहल त्या दिवसापुरती बिघडायची. माझ्या बायकोनं हे वीस वर्षं सोसलं आहे.

घरीही तेच. आमच्याकडे दुपारचं जेवताना रात्रीच्या जेवणाची चर्चा चालायची. लेक लहानपणी माझ्याच वळणावर गेली होती. पाच वर्षांची असताना माशाच्या कालवणाची वाटी तोंडाला लावून प्यायची आणि बायको दुसरीकडे बघायची. आम्ही दोघं शनिवारी सेंट पॉलला जायचो, तिथल्या आग्नेय आशियातल्या लोकांच्या बाजारात, आणि एका कागदी ताटलीत चार पदार्थ घेऊन उभ्यानं खायचो. पंधरा वर्षांची झाली आणि एक दिवस म्हणाली, मी मांस सोडलं. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं. बायकोला आनंद झाला आणि तिनं तो लपवला नाही.

मग सोमवार आला.

माझी बायको लग्नाआधीपासून सोमवार करते. तिच्या आईचा होता, तिनं उचलला. अमेरिकेत आल्यावर सुटेल असं मला वाटलं होतं, पण सुटला नाही. एका सोमवारी लेक म्हणाली, आई, मी पण करू? बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पाहिलं आणि मलाही बरं वाटलं. इथे जन्मलेली मुलं मराठी बोलत नाहीत, वरण-भाताला नाक मुरडतात, आपल्या आई-बापांची मित्रांसमोर लाज वाटते त्यांना. आणि आपली मुलगी स्वतःहून उपास मागते आहे. सोमवारनंतर संकष्टी आली. मग महिन्याच्या दोन्ही एकादश्या. नवरात्रात नऊ दिवस. फ्रिजला मराठी दिनदर्शिका अडकवलेली असायची. लेक दर महिन्याच्या सुरुवातीला तिच्यासमोर उभी राहून बोट फिरवत तिथी वाचायची. रविवारच्या मराठी शाळेत सहा वर्षं घासून ती देवनागरी शिकली होती. त्या शिक्षणाचा तिनं एवढाच उपयोग केला.

आमच्याकडे उपास म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर ताक. मी स्वतः उपास करत नाही, पण उपासाचं सगळं खातो. लेकीचा उपास तसला नव्हता. ती म्हणायची, 'आई, आय वाँट टू डू इट प्रॉपर्ली.' तिचा उपास कडक असायचा. आधी खिचडी गेली, मग बटाटा गेला, मग एक केळं आणि पाणी. बायको थोडी धास्तावली, पण त्याच वेळी तिला अभिमानही वाटत होता, आणि हे दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदम दिसायचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'बघा, इथे जन्मलेली पोरगी संकष्टी करते, चंद्र बघितल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही. नाहीतर आमच्याकडे!' त्यांची स्वतःची मुलगी शेजारीच समोसा खात उभी होती. माझ्या लेकीनं मान खाली घातली आणि हसली. मी ते हसू विनयाचं समजलो.

आठवड्याचे सात दिवस असतात. त्यांतले किती दिवस आता तिथी-वारात गेले, हे आम्ही कुणी मोजलं नाही.

ती बारीक झाली होती का? झाली होती. पण मिनेसोटात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत माणूस चार थरांच्या कपड्यांत असतो. ती सतत गारठलेली असायची, हीटरच्या जाळीवर पाय ठेवून अभ्यास करायची. इथे कुणाला थंडी वाजत नाही? नागपूरहून माझ्या सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, 'तब्येत उतरली हो पोरीची.' बायको म्हणाली, 'परीक्षा आहेत, आई.' आपल्या भाषेत तब्येत म्हणजे प्रकृतीही आणि अंगानं भरलेलं असणंही. म्हातारीनं कुठल्या अर्थानं म्हटलं हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आम्ही सोयीचा अर्थ घेतला.

त्या डिसेंबरात भारतात जाताना वाटेत सहा दिवस हनोईत थांबायचं मी ठरवलं. मी तिकडच्या खाण्याबद्दल वर्षभर वाचत होतो. चहाच्या पाट्यांचा घोळ मिटल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अशाच एका शाकाहारी खानावळीत गेलो. अरुंद जागा, चार टेबलं, बसायला बुटके प्लास्टिकचे स्टूल. मालकीणबाई साठीच्या असतील. कळलं की त्यांच्याकडेही अमावास्या-पौर्णिमेला लोक मांसाहार टाळतात आणि देवळातल्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. मी हरखून गेलो. बायकोला म्हटलं, 'अगं, हे तर आपलेच लोक आहेत.' बायकोनं त्या दिवशी पोटभर जेवून घेतलं. लेकीनं वाटीतलं रस्सा-पाणी थोडं घेतलं, बाकीचं इकडचं तिकडे केलं.

मालकीणबाई बघत होत्या. त्या उठल्या, आणखी एक वाटी भरून आणली आणि लेकीसमोर ठेवली. मी खूश. म्हटलं, बघ, आग्रह करतायत. लेक म्हणाली, 'आय ॲम गुड, थँक यू.' तशी त्या बाईंनी तिचं मनगट धरलं. अंगठा आणि बोट असं वेढून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर आदरातिथ्याची नव्हती. मला आज ते लख्ख कळतं, तेव्हाही कुठेतरी कळलं असणार, कारण मी लगेच फोन काढून भाषांतराच्या ॲपमध्ये टाइप केलं की माझी मुलगी देवासाठी उपास करते. बाईंनी ते वाचलं. त्यांनी फोन घेऊन त्यांच्या भाषेत काहीतरी लिहिलं आणि परत दिला. पडद्यावर इंग्रजीत आलं, मुलगी आजारी आहे.

'ह्या ॲपला काही कळत नाही,' मी बायकोला म्हणालो. 'त्यांना बारीक म्हणायचं असेल.'

पुढे माझ्या ऑफिसातल्या एका व्हिएतनामी सहकाऱ्याला मी ॲपमध्ये राहिलेला बाईंचा तो मूळ शब्द दाखवला. तो म्हणाला, दक्षिणेत ह्याचा अर्थ बारीक, उत्तरेत आजारी. हनोई उत्तरेला आहे.

पाचव्या दिवशी संकष्टी होती. बायको म्हणाली, 'परक्या गावात कशाला, राहू दे ह्या वेळी.' लेक म्हणाली, नाही, मी करणार. तेव्हा माझ्यातला खवय्या जागा झाला. मी म्हटलं, करच तू, मी तुला उपासाचं शोधून आणतो. हे आव्हान मला फार आवडलं. हनोईत उपासाला काय चालतं! कुणी लिहिलंय ह्यावर? कुणी नाही. दोघींना हॉटेलवर ठेवून मी सकाळी निघालो.

बारीक पाऊस होता. एका कोपऱ्यावर बाई निखाऱ्यांवर रताळी भाजत होती आणि शेजारीच मक्याची कणसं. मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, 'मका उपासाला चालत नाही, त्याच जाळीवर असेल तर नको.' मी पुढे निघालो. दुसरीकडे उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या. त्या घेतल्या. मीठ कुठलं होतं ते विचारलं नाही. एका दुकानात नारळाच्या दुधातली गोड खीर होती आणि तिच्यात साबुदाण्यासारखे पारदर्शक मणी. मी आनंदानं ओरडायचाच बाकी होतो. पण त्याच खिरीत मूगही होते. मूग चालत नाहीत. खाणाखुणा करून, एका कागदावर मुगाचं चित्र काढून त्यावर फुली मारून, शेवटी त्या बाईकडून नुसते मणी आणि वेगळं नारळाचं दूध मिळवलं. उकडलेल्या रताळ्यांसाठी आणखी तासभर चाललो. बाजाराच्या मागच्या बाजूला एका म्हातारीकडे मिळाली, कोवळी, जांभळी, सालीतून साखर सुटलेली. मी उभ्या उभ्या एक खाल्लं. आयुष्यात इतकं चांगलं रताळं खाल्लं नव्हतं. बूट पार भिजले होते. चार तास झाले होते. मी इतका सुखी होतो की काय सांगू.

हॉटेलवर येऊन मी ते सगळं पांढऱ्या टॉवेलवर मांडलं, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. हनोईतला संकष्टीचा फराळ. अर्ध्या तासात फोटोखाली चाळीस लाल बदाम आले. माझ्या बहिणीनं लिहिलं, असा बाप मिळायला नशीब लागतं. ढगांमुळे चंद्र काही दिसेना, तेव्हा पंचांगातली वेळ बघून मी लेकीला म्हटलं, उगवला, जेव आता. ती म्हणाली, मी माझ्या खोलीत जाऊन शांतपणे खाते. देवाचं आहे ना. शांतपणे खाणं मला पटलं. तासाभरानं मी दार वाजवलं आणि विचारलं, कसं होतं? 'बेस्ट एव्हर, बाबा,' ती म्हणाली आणि तिनं मला मिठी मारली. जाड स्वेटर होता अंगात. मी फोनमधल्या यादीत त्या म्हातारीचा पत्ता लिहिला आणि पुढे लिहिलं, लेकीला सगळ्यांत आवडलेलं.

जानेवारीत मंडळाची संक्रांत होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. लेकीनं काळी साडी नेसली होती. ती तिळगुळाचा डबा घेऊन एकेकासमोर जात होती आणि 'गोड बोला' म्हणत होती, तिच्या त्या अमेरिकन उच्चारात. मी दाराशी उभा राहून कुणाला तरी चहाच्या पाट्यांचा किस्सा सांगत होतो. डबा पडल्याचा आवाज झाला. बायका धावल्या. कुणी म्हणालं, उपास असेल, साखर कमी झाली, तोंडात लाडू घाला. कुणीतरी खरंच घालायला गेलं. माझ्या बायकोनं लेकीला मांडीवर घेतलं, ब्लाउजची बाही वर सरकली आणि पहिल्यांदा आम्ही तो दंड उजेडात पाहिला. मी अँब्युलन्सला फोन केला आणि पत्ता सांगताना शाळेचं नाव विसरलो.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होती. तिनं विचारलं, ही शेवटचं पूर्ण जेवण कधी जेवली? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे सहा दिवसांच्या हनोईची यादी होती, प्रत्येक जेवण, प्रत्येक जागा, त्या जागेचं वैशिष्ट्य. आणि त्यातल्या एकाही टेबलावर लेक काय जेवली ते मला आठवेना. तिच्यासमोर काय होतं ते आठवत होतं. मग बायको म्हणाली, आमच्याकडे उपास असतात, धार्मिक. डॉक्टरनं ते लिहून घेतलं. थोड्या वेळानं एक समाजसेविका आली आणि अतिशय सौम्य आवाजात विचारू लागली की घरात मुलीला उपास करायला कोण सांगतं, केला नाही तर काय होतं, शिक्षा होते का.

मी भडकलो. मी म्हटलं, बाई, आम्ही मुलीला उपाशी ठेवणारे लोक नाही आहोत, तुम्हाला आमच्याबद्दल काही माहिती नाही, ह्या घरात जेवढं खाणं होतं तेवढं तुमच्या सबंध रस्त्यावर होत नसेल. आवाज चढला होता. लेक पलंगावर नळ्या लावून पडली होती. ती सगळं ऐकत होती. आम्ही आमच्या धर्माची, आमच्या चालीरीतींची बाजू लढवत होतो, आणि खरं म्हणजे उपासाआड लपलेल्या तिच्या न खाण्याच्या आजाराची बाजू लढवत होतो. हे डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, इतक्या कठोर शब्दांत नाही. ती म्हणाली, शरीराला बाहेरून काही मिळालं नाही की ते स्वतःचे स्नायू खातं. हृदय हाही स्नायूच आहे.

बायको खाली बसली. जमिनीवरच बसली. नंतर ती मला एवढंच म्हणाली, 'अरे, मी तिला शिकवलं.' मी म्हणालो, नाही, तसं नाही. पण मला तसंच वाटत होतं, आणि तिला ते कळलं. त्या वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही, कारण खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं होतं.

त्यानंतर महिनाभर इस्पितळ आणि मग उपचाराचं निवासी केंद्र. तिथे दर गुरुवारी आई-बापांना बोलवत. एक समुपदेशक बाई, एक वाटोळं टेबल आणि आम्ही तिघं. पहिले तीन गुरुवार लेक बोलली नाही. चौथ्या वेळी बाईंनी विचारलं, कुठला एखादा दिवस सांगावासा वाटतो का? ती माझ्याकडे न बघता इंग्रजीत बोलली. म्हणाली, हनोईत बाबा माझ्यासाठी रताळी शोधायला गेला होता. त्याचे बूट इतके भिजले होते की चालताना आवाज येत होता. मला खायचं होतं. त्याच्यासाठी खायचं होतं. मी बाथरूमचं दार लावून आत तासभर ते हातात घेऊन बसले. मला नाही जमलं. मग सगळं टाकून दिलं आणि बाहेर येऊन बेस्ट एव्हर म्हटलं. तो इतका खूश झाला. त्यानं ते फोनमध्ये लिहून ठेवलं.

बाईंनी मला विचारलं, तुम्हाला ह्यावर काय म्हणायचंय? मला म्हणायचं होतं, बाळा, मरू दे ती रताळी. ते इंग्रजीत कसं म्हणतात मला सुचेना. मराठीतही माझ्या तोंडून निघालं नाही. मी टेबलाकडे बघत रडलो. घरी येऊन यादी काढली आणि हनोई पुसलं, मग बाकीची गावंही.

ती एप्रिलमध्ये घरी आली तेव्हा केंद्रातून नियमांचा कागद आला. दिवसातून सहा वेळा खाणं, आई-बापांच्या समोर. टेबलावर खाण्याबद्दल बोलायचं नाही. चव, कृती, किती, आणखी वाढू का, काही नाही. हवामानावर बोलायचं. मी हवामानावर काय बोलणार? पोळी वाढताना बायकोचा हात आपोआप दुसऱ्या पोळीकडे जायचा आणि अर्ध्यातून मागे यायचा. आग्रह न करता वाढायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. घरात कुणीही उपास करायचा नाही, असंही त्या कागदावर होतं. तिनं सोमवार सोडला. पहिल्या सोमवारी सकाळी ती लेकीसमोर बसून पोहे खात होती आणि मी बघितलं, घास घशाखाली उतरवायला तिला किती वेळ लागत होता. दोघींनाही तेवढाच वेळ लागत होता.

उन्हाळाभर लेक टिकली. सप्टेंबरात पुन्हा घसरली आणि पुन्हा केंद्रात गेली. तिथे असतानाच तिला अठरा वर्षं पूर्ण झाली. आम्ही केक न्यायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून फुलं नेली. त्यानंतर नऊ दिवसांनी केंद्रातून नर्सचा फोन आला. तुमच्या मुलीनं डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध कागदावर सही केली आहे, ती निघाली आहे. मी विचारलं, तिची तब्येत कशी आहे? नर्स म्हणाली, सॉरी, ती आता सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय मी काहीच सांगू शकत नाही. आवाजावरून वाटलं की तिला सांगायचं होतं.

लेक घरी दोन महिने राहिली आणि जानेवारीत कॉलेजला ॲरिझोनात गेली, चँडलर गावाच्या पलीकडे. इथे मला फार थंडी वाजते, म्हणाली. तिला अडवायला आमच्या हातात काही नव्हतं. तिथे तिचे डॉक्टर आहेत असं ती सांगते. त्यांच्याकडे ती जाते का, हे आम्हाला कळायचा मार्ग नाही. विमानतळावर सोडताना आधी मी आणि मग बायकोनं तिला मिठी मारली. ॲरिझोनात लागणार नाही म्हणून ह्या वेळी जाड स्वेटर तिनं बॅगेत भरला होता. मिठीत माझ्या हातांना जे लागलं ते बायकोच्या हातांनाही लागलं होतं.

आता दर रविवारी सकाळी फोन असतो. कॅमेरा बंद ठेवायचा ही तिची अट. समुपदेशक बाईंची अट वेगळी: जेवलीस का, हे विचारायचं नाही. बाईंना त्या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगायचा मी प्रयत्न केला होता. म्हटलं, आमच्याकडे ह्याचा अर्थ कशी आहेस असा होतो. माझी आई मला वीस वर्षं फोनवर हेच विचारत आली, आणि ह्याला खरं उत्तर द्यायचं असतं हे मला कधी जाणवलंही नाही. बाई म्हणाल्या, समजतंय, पण तुमच्या मुलीला त्याचा अर्थ जेवलीस का असाच ऐकू येतो. ते बरोबर होतं. पण तो प्रश्न काढून घेतल्यावर माझ्याकडे दुसरा उरला नाही. मी बर्फाबद्दल बोलतो. ड्राइव्हवे साफ केला म्हणून सांगतो. ती रूममेटबद्दल बोलते, परीक्षेबद्दल बोलते. बायको नुसती 'हो का' म्हणते. मग तिघंही थांबतो.

मागच्या रविवारी असेच थांबलो होतो. तिकडून ताटलीवर चमचा लागल्याचा आवाज आला. बायकोनं माझा हात दाबला. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा चमचा वाजला.

'बाबा? आर यू देअर?'

'आहे.'

तिनं फोन ठेवला नाही आणि आम्हीही ठेवला नाही. चमचा थांबून थांबून वाजत होता. ती खात होती की नुसती ताटलीत फिरवत होती, ते आवाजावरून कळत नाही. मी विचारलं नाही.